जुनं शिसं देताना: घरी वितळवून लादी करू नका

आमच्याकडे पागाच्या, म्हणजे हाताने फेकायच्या गोल जाळ्याच्या, गोळ्या ओतून घेणाऱ्यांना जुनं शिसं द्यायची सवय आहे, आणि ती चांगलीच आहे. शिसं वाया जात नाही, नव्या गोळ्या स्वस्तात पडतात. पण अलीकडे बरंचसं शिसं घरच्या चुलीवर वितळवून, पातेल्यात थिजवलेली लादी होऊन येतं. आमचं काम हलकं व्हावं म्हणूनच माणसं ही मेहनत घेतात. नेमकं तिथेच काम अडतं आणि गोळ्याही बिघडतात, म्हणून हे पत्रक.

सगळं शिसं दिसायला सारखं असलं तरी जातीने एक नसतं. जुन्या पागाची गोळी बहुधा मऊ, जवळजवळ शुद्ध शिशाची असते. गाडीच्या चाकाला बॅलन्सिंगसाठी मारतात त्या वजनांत अँटिमनी नावाचा धातू मिसळलेला असतो, म्हणून ती कडक. आता तर त्यातली बरीच वजनं शिशाची नसतातच, जस्ताची किंवा लोखंडाची असतात. हे सगळं सुटं आलं की आम्ही तुमच्यासमोरच निवडतो. नखाने ओरखडा उठला की मऊ. फरशीवर टाकल्यावर ‘ठप्प’ वाजलं की मऊ, खणकलं की कडक. पकडीने दाबून दात उमटलेच नाहीत, तर ते शिसं नव्हे. पिशवीभर माल निवडायला फारसा वेळ लागत नाही.

लादीत मात्र सगळं एकजीव झालेलं असतं. त्यातलं अँटिमनी आमच्या भट्टीत वेगळं काढता येत नाही. जस्ताचं तर त्याहून वाईट. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, जस्त ४१९ ला. भट्टी बेताने तापवली तर जस्ताचे तुकडे न वितळता शिशावर तरंगतात आणि पळीने काढून टाकता येतात. चुलीचा जाळ भडकला की तेही शिशात उतरतं. मग रस खिरीसारखा दाट होतो, साच्याच्या कोपऱ्यात पोचत नाही आणि गोळीला अर्धवट कड, पोटात भोक असं होऊन बसतं. अशी लादी आली की आम्ही आधी लहानसा तुकडा कापून चार गोळ्या ओतून बघतो. त्यात एक दिवस जातो. जमलं नाही तर लादी परत करावी लागते, आणि गिऱ्हाइकाचं तोंड उतरलेलं बघणं आम्हालाही बरं वाटत नाही.

कोणी म्हणेल, गोळी कडक झाली तर झिजणार नाही, बरंच आहे की. गळाच्या वजनाला ते चालेल. पागाला चालत नाही, कारण पागाची गोळी दोरीवर दाबून बसवायची असते आणि एकदा बसवून भागत नाही. नव्या पागाला किती शिसं लावायचं, हे आम्हाला रोज विचारतात. त्याचा एकच आकडा नाही. पागाचा घेर, आसाचा (जाळ्याच्या भोकाचा) आकार आणि तुमच्या खाडीचं पाणी यावर ते ठरतं. दाभोळला उधाणाच्या ओहोटीत जे वजन लागतं, ते आतल्या शांत पऱ्ह्यात (ओढ्यात) उगाच जड होतं. म्हणून कमीपासून सुरुवात करा. गोळ्या विरळ आणि सैल दाबून लावा, ओहोटीच्या ओढीत पाग टाकून बघा. घेर तळाला बसायच्या आत वाहत गेला किंवा कड उचलली आणि बोय मासळी खालून निसटली, तर दोन गोळ्यांमध्ये एक वाढवा, पण सगळ्या घेरावर सारखी. तळाचा चिखल भरून येऊ लागला की वजन जास्त झालं असं समजा. हे जमेपर्यंत गोळी दोनतीनदा उघडावी, सरकवावी लागते. मऊ शिसं हे सोसतं. कडक शिसं दुसऱ्यांदा वाकवलं की चीर जाते आणि पुढे तीच कड दोरी कापते. गोळी दातांनी दाबू नका, पकड वापरा. शिसं थोडं थोडं करून अंगात साठतं.

बॅटरीच्या पट्ट्या आम्ही घेत नाही, कितीही ओळखीचे असलात तरी. त्यात ॲसिड असतं, वितळवताना विषारी धूर निघतो. २०२२ च्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या नोंदणीकृत पुनर्वापर कारखान्याकडेच जायला हव्यात. नवी बॅटरी घेताना जुनी दुकानदाराला द्या, तो किमतीत वळती करतो.

घरी न वितळवण्याचं आणखी एक कारण आहे, आणि आम्हाला तेच मोठं वाटतं. जाळ्यातून काढलेल्या गोळीच्या खाचेत खारं पाणी आणि रेती अडकलेली असते. अशी ओली गोळी तापलेल्या रसात पडली की पाण्याची क्षणात वाफ होते आणि शिसं तोंडावर उडतं. आम्ही माल आधी उन्हात वाळवतो, पावसात भट्टीशेजारी ठेवतो, आणि थंड कढईत घालूनच तापवतो. वरून कधी टाकत नाही. पडवीतल्या चुलीभोवती पोरं खेळत असतात. त्या धुराची आणि राखेची सर्वांत जास्त बाधा त्यांनाच होते.

राहिला घटीचा प्रश्न. दहा किलो दिलं तर दहा किलो परत का नाही? दोरीचे तुकडे, रेती, खार आणि वर येणारी मळी यात वजन जातं. आम्ही वजन तुमच्यासमोर करतो. मळी बघायची असेल तर थांबा, काढताना दाखवतो. लादी आणली म्हणून घट टळत नाही, ती फक्त तुमच्या चुलीपाशी होते.

तेव्हा शिसं जसं निघेल तसं, दोरीसकट आणलंत तरी चालेल. घाई असेल तर जुनं वजनावर देऊन तयार गोळ्या न्या. १५, २५ आणि ४० ग्रॅमच्या नेहमी शिल्लक असतात, सगळ्या मऊ शिशाच्या. मासेमारी बंदी ३१ जुलैला उठते आणि शेवटच्या आठवड्यात भट्टीला उसंत नसते. जून महिन्यात आणून टाकलंत तर वाळवायलाही वेळ मिळतो आणि गोळ्या हव्या त्या दिवशी हातात पडतात.