घरच्या सर्व्हरला पत्ता नसतो

कपाटात पडलेला जुना लॅपटॉप काढायचा, त्यावर लिनक्स चढवायचं, घरचे सगळे फोटो त्यात ठेवायचे आणि मोबाइलवरून कुठूनही बघायचे, म्हणजे घरचाच सर्व्हर चालवायचा, या छंदाची लागण हल्ली बऱ्याच जणांना झाली आहे. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण बंद झाली आणि १५ जीबीची वेस आली, तेव्हापासून तर जास्तच. फोटोंसाठी इमिच, सिनेमा-गाण्यांसाठी जेलिफिन, फायलींसाठी नेक्स्टक्लाउड; सगळी सॉफ्टवेअर मोफत, आणि घरच्या वायफायवर झकास चालणारी. मग माणूस नाक्यावर जातो, मोबाइल डेटा चालू करतो, आणि पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहतं.

यानंतर ठरलेला प्रश्न येतो: 'राउटरवर पोर्ट फॉरवर्ड केलं, म्हणजे बाहेरून आलेलं आत सर्व्हरकडे सोडायला सांगितलं, तरी बाहेरून दिसत नाही. मशीन कमी पडतंय का?' आणि ठरलेले दोन सल्ले येतात. एक, चांगलं मशीन घे. दोन, स्टॅटिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतःचा कायमचा पत्ता, विकत घेतल्याशिवाय हे होणारच नाही. पहिला सल्ला पूर्ण चूक आहे, दुसरा अर्धा. मला बोलायचंय ते त्या अर्ध्या चुकीबद्दल, कारण तिच्या पोटात इंटरनेटमधली एक फार सुंदर युक्ती दडलेली आहे.

आधी मशीनचं उरकून टाकू. चार माणसांचे फोटो दाखवायला दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप पुरतो. तो सरासरी १२ वॅट खात असेल, तर महिन्याला साधारण नऊ युनिट होतात. लाइट गेली तर त्याची बॅटरीच त्याचा यूपीएस. मात्र राउटर आणि फायबरचा डबा यांना बॅटरी नसते, म्हणून त्यांच्यासाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्यावा, नाहीतर सर्व्हर जिवंत आणि रस्ता बंद अशी अवस्था होते. बॅटरी फुगलेली दिसली तर काढून टाकावी, तिथे काटकसर नको. झालं मशीनचं.

खरी अडचण पत्त्याची आहे. आयपीव्ही४ हा इंटरनेटचा जुना पत्ता ३२ बिटांचा. २ चा ३२ वा घात म्हणजे सुमारे ४२९ कोटी. १९८१ साली हे ठरलं, तेव्हा कुणाला ते कमी वाटलं नसणार. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे पाच गठ्ठे पाच विभागीय संस्थांना वाटून झाले, आणि आशिया-पॅसिफिकच्या संस्थेने त्याच एप्रिलपासून उरलेल्या पत्त्यांचं रेशनिंग सुरू केलं. भारतात घरोघरी फायबर आणि हातोहाती फोरजी पोचलं ते त्यानंतर. म्हणजे पंगत बसली तेव्हा पातेलं रिकामं झालेलं होतं. मग इतक्या ग्राहकांना पत्ते दिले कुठून? दिलेच नाहीत.

तुमच्या राउटरच्या सेटिंगमध्ये 'वॅन आयपी', म्हणजे राउटरला कंपनीकडून मिळालेला पत्ता, असा एक रकाना असतो. तो बघा. मग ब्राउझरवर 'माझा आयपी' शोधून तिथे दिसणारा आकडा बघा. दोन्ही जुळले तर तुम्ही नशीबवान. पुष्कळांचे जुळत नाहीत, आणि राउटरमधला आकडा बऱ्याचदा १०० ने सुरू होतो. १००.६४.०.० पासून १००.१२७.२५५.२५५ पर्यंतचे ४१,९४,३०४ पत्ते एप्रिल २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवले गेले. हे पत्ते जगातली प्रत्येक इंटरनेट कंपनी आपल्या आतल्या जाळ्यात पुन्हापुन्हा वापरू शकते, पण खुल्या इंटरनेटवर त्यांना काही अर्थ नाही. (टेलस्केल हे लांबची यंत्रं एकमेकांना जोडणारं साधन वापरणाऱ्यांनी गोंधळू नये, तेही याच टप्प्यातले पत्ते वाटतं, त्याचा आणि तुमच्या कंपनीचा संबंध नाही.) बाहेर जाताना कंपनीचं एक मोठं यंत्र अनेक घरांना मिळून एकच खरा पत्ता लावतं. असा पत्ता बदलण्याला नॅट म्हणतात, आणि कंपनीच्या पातळीवरच्या नॅटला सीजीनॅट. एका पत्त्यावर ६५,५३६ पोर्ट, म्हणजे क्रमांक घातलेली दारं, असतात. घरटी हजार पोर्ट दिले तर एका पत्त्यामागे साठेक घरं सहज बसतात.

आता पोर्ट फॉरवर्ड का चालत नाही ते उघड आहे. तुम्ही घरच्या राउटरला सांगितलंत की बाहेरून आलेलं आत सोड. पण बाहेरचं काही राउटरपर्यंत पोचतच नाही. पूर्वीच्या एसटीडी बूथची हीच गत होती. तिथून कुठेही फोन लावता यायचा, पण घरच्यांना तुम्हाला फोन लावायचा असेल तर लावणार कुठे?

स्टॅटिक आयपी घेतला की तुम्हाला स्वतःचा पत्ता मिळतो, हे खरं. पण त्या पत्त्यावर दार उघडं ठेवणं हा वेगळाच विषय. 'माझ्या घरच्या लॅपटॉपकडे कोण बघतंय' ही समजूत आधी काढून टाका. २०१३ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं साधन दाखवलं. एक गिगाबिटची जोडणी असलेला एक साधा संगणक त्याच्या मदतीने आयपीव्ही४ चा जवळपास सगळा पसारा ४५ मिनिटांच्या आत चाळून काढतो. तुमचं नाव कुणाला माहीत असायची गरजच नाही. सगळेच पत्ते तपासले जातात.

तर विकतचा पत्ता नको, उघडं दार नको, आणि तरी घरचा सर्व्हर आणि हातातला फोन थेट बोलले पाहिजेत. दोघेही कुठल्या ना कुठल्या नॅटच्या मागे. दोघांनाही खरा पत्ता नाही. हे जमतं कसं?

समजा घरच्या सर्व्हरचा आतला पत्ता १९२.१६८.१.२० आहे आणि त्याने ४१६४१ या पोर्टवरून एक यूडीपी पॅकेट बाहेर सोडलं. पॅकेट म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, आणि यूडीपी म्हणजे तो आधी हॅलो-हॅलो न करता थेट टाकायची पद्धत. घरचा राउटर त्यावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता खोडून आपला, म्हणजे समजा १००.७२.१४.९, लिहितो आणि हा बदल आपल्या तक्त्यात एका ओळीत नोंदवतो. पुढे कंपनीचं यंत्र तोही खोडतं, २०३.०.११३.७ आणि पोर्ट २३८१७ असं लिहितं आणि स्वतःच्या तक्त्यात ओळ घालतं. उत्तर २०३.०.११३.७ च्या २३८१७ वर आलं की हेच दोन तक्ते उलटे वाचले जातात आणि पॅकेट बरोबर लॅपटॉपपाशी येतं. ओळ नसेल तर? पॅकेट टाकून दिलं जातं. यंत्राचं कुणाशी वैर नाही, त्या साठ घरांपैकी हे कुणाचं तेच त्याला कळत नाही. पुष्कळ नॅट याहून कडक असतात: ओळ असली, तरी ज्याला आपण आधी काही पाठवलंय त्याच्याकडून आलेलंच आत घेतात.

सगळी किल्ली एका प्रश्नात आहे. तक्त्यात ओळ कुणामुळे पडते? बाहेर जाणाऱ्या पॅकेटमुळे. म्हणजे कंपनीच्या त्या अवाढव्य यंत्राच्या तक्त्यात नोंद घालायला तुमच्या लॅपटॉपला कुणाची परवानगी लागत नाही. एक पॅकेट बाहेर सोडलं की झालं.

आता फोन दुसऱ्या कंपनीच्या मोबाइल डेटावर आहे. सर्व्हर आणि फोन दोघेही खुल्या इंटरनेटवरच्या एका स्टन सर्व्हरला विचारतात: मी तुला कोणत्या पत्त्यावरून आणि पोर्टवरून आलेला दिसतोय? लॅपटॉपला उत्तर मिळतं २०३.०.११३.७, पोर्ट २३८१७. फोनला मिळतं १९८.५१.१००.२०, पोर्ट ५०११२. ही माहिती दोघे एका मध्यस्थामार्फत एकमेकांना कळवतात. दोघांनीही मध्यस्थाशी जोडणी आतून बाहेर केलेली असते, त्यामुळे तिथवर अडचण येत नाही.

आणि मग दोघेही साधारण एकाच वेळी एकमेकांच्या बाहेरच्या पत्त्यावर पॅकेट सोडतात. लॅपटॉपचं पॅकेट फोनच्या नॅटपाशी पोचतं. फोनचं पॅकेट अजून निघालेलं नसेल, तर तिथे ओळ नाही, पॅकेट मेलं. पण मरण्यापूर्वी ते आपलं काम करून गेलेलं असतं. घरून निघतानाच त्याने लॅपटॉपच्या बाजूच्या दोन्ही तक्त्यांत 'आम्ही १९८.५१.१००.२० ला, पोर्ट ५०११२ वर लिहिलंय' अशी नोंद पाडलेली असते. क्षणभराने फोनचं पॅकेट लॅपटॉपच्या नॅटपाशी येतं. नॅट तक्ता बघतं: याला आपण लिहिलं होतं, म्हणजे हे उत्तरच असणार. सोडा आत! आणि निघताना त्या पॅकेटनेही फोनच्या बाजूला ओळ पाडलीच आहे. पुढचं सगळं मोकळं. दोन यंत्रं, दोघांचीही अशी समजूत की समोरचा आपल्या पत्राला उत्तर देतोय, आणि प्रत्यक्षात कुणीच उत्तर देत नाहीये. याला होल पंचिंग म्हणतात. मला तरी पोचण्यासाठी नव्हे तर हरवण्यासाठीच पाठवलेल्या त्या पहिल्या पॅकेटचं अजून कौतुक वाटतं.

भोक पाडलं की ते उघडं ठेवावं लागतं, कारण तक्त्यातल्या ओळी कायमच्या नसतात. २००७ च्या एका मानकात यूडीपीची ओळ दोन मिनिटांच्या आत पुसू नये असं म्हटलंय, पण सगळीच उपकरणं ते मानतात असं नाही. वायरगार्ड या दोन यंत्रांत कूट जोडणी करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये म्हणून दर २५ सेकंदांनी एक रिकामं पॅकेट पाठवायची सोय आहे. फोनची बॅटरी थोडी जास्त जाते ती यात.

इथून पुढचा एक परिच्छेद जड आहे, वगळलात तरी चालेल. काही नॅट प्रत्येक नव्या ठिकाणासाठी वेगळा पोर्ट देतात. मग स्टन सर्व्हरने सांगितलेला पोर्ट फोनशी बोलताना उपयोगाचा राहत नाही. यावर उपाय संभाव्यतेचा. अवघड बाजू, म्हणजे अशा नॅटमागची, एकाच वेळी २५६ पोर्ट उघडते आणि प्रत्येकावरून सोप्या बाजूला एकेक पॅकेट सोडते, म्हणजे तिच्या नॅटमध्ये कुठेतरी २५६ भोकं पडली. कुठे, ते कुणालाच माहीत नाही. सोपी बाजू त्या पत्त्याच्या ६५,५३६ पोर्टांपैकी यादृच्छिक पोर्ट ठोकत सुटते. प्रत्येक ठोक्याला यशाची शक्यता २५६ भागिले ६५,५३६, म्हणजे २५६ मध्ये १. ती फारच थोडी वाटते, पण १७७ ठोक्यांत ती ५० टक्क्यांवर पोचते आणि १०२४ ठोक्यांत ९८ टक्क्यांवर. सेकंदाला शंभर ठोके धरले तर दहा सेकंदांचं काम. दोन्ही बाजू अवघड असतील तर मात्र दोघांनाही अंदाजाने ठोकावं लागतं, ठोक्यांची संख्या आवाक्याबाहेर जाते, आणि मग सगळी वाहतूक मधल्या एखाद्या रिले सर्व्हरमधून फिरवून न्यावी लागते. चालतं, पण संथ.

हा खटाटोप हाताने करायचा नसतो. टेलस्केल, नेटबर्ड अशी साधनं करतात. त्यांच्या पोटात वायरगार्ड असतं, जे मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ आवृत्तीत सामील झालं. ज्याच्याकडे योग्य किल्ली नाही त्याच्या पॅकेटला ते उत्तरच देत नाही. झेडमॅपने ठोठावलं तर पलीकडे नुसती शांतता. रिलेमधून गेलं तरी मधल्याला फक्त कूट मजकूर दिसतो. याउलट काही टनेल सेवांमध्ये तुमचं एचटीटीपीएस, म्हणजे ब्राउझरचं कूट संभाषण, त्या कंपनीच्या सर्व्हरवर उलगडलं जातं आणि तिथून पुढे येतं. तिथे मधल्याला मनात आलं तर फोटो दिसू शकतात. चांगली सोय आहे, पण फोटो खासगी राहावेत म्हणून घरी आणले असतील तर याचा विचार करून घ्या. 'मिलिटरी दर्जाचं एन्क्रिप्शन' असं जाहिरातीत ओरडून सांगणाऱ्यांकडे मात्र ढुंकूनही बघू नका. तुमचा ब्राउझर बँकेच्या साइटशी बोलताना वापरतो त्याच दर्जाचं ते असतं.

सुरक्षेवरून आठवलं. खंडेनवमीला सर्व्हरला हळद-कुंकू लावणारे माझ्या ओळखीत आहेत. लावा, हार घाला, फक्त पाणी पंख्यात जाऊ देऊ नका. पण हार्ड डिस्क ही पुण्याईवर चालत नाही. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक घराबाहेर, हा जुना नियम पाळा. भोक पाडायची युक्ती इथेही कामाला येते: घराबाहेरची प्रत गावच्या घरी किंवा बहिणीकडे ठेवलेल्या दुसऱ्या जुन्या लॅपटॉपवर रात्री आपोआप जाऊ शकते, तिथेही सीजीनॅट असलं तरी. दोन डिस्क आरशासारख्या जोडल्या म्हणजे बॅकअप झाला असं समजू नका. चुकून पुसलेला फोटो दोन्हीकडून एकदमच जातो.

आणि आयपीव्ही६? तिथे पत्ता १२८ बिटांचा. एका घराला मिळणाऱ्या सर्वांत लहान नेहमीच्या तुकड्यातही २ चा ६४ वा घात इतके पत्ते असतात, म्हणजे अख्ख्या जुन्या इंटरनेटच्या पत्त्यांचा वर्ग. भारत यात मागे नाही, उलट पुढारलेल्यांत आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं तेच आयपीव्ही६ घेऊन. तिथे नॅट लागत नाही, पण राउटरची फायरवॉल असतेच, आणि तीही 'आधी आपण लिहिलं होतं का' याच कसोटीवर पॅकेट आत घेते. फरक इतकाच की पोर्ट बदलत नाही, त्यामुळे अंदाज बांधायची वेळ येत नाही आणि भोक बहुधा पहिल्या झटक्यात पडतं. तेव्हा राउटरच्या पानावर आयपीव्ही६ चा रकाना भरलेला आहे का ते आधी बघा. रिकामा असेल, तर बऱ्याचदा ते राउटरमध्ये नुसतं बंद ठेवलेलं असतं. चालू करून, राउटर एकदा बंद-चालू करून पुन्हा बघा, आणि तरीही रिकामाच राहिला तर स्टॅटिक आयपीची चौकशी करण्याआधी कंपनीला आयपीव्ही६ बद्दल विचारा.