रॅग्नर लोथब्रोक खरंच सापांच्या खड्ड्यात मेला?

गोष्ट सगळीकडे अशी फिरते: उत्तर इंग्लंडातल्या नॉर्थम्ब्रिया राज्याचा राजा एला याने व्हायकिंग सरदार रॅग्नर लोथब्रोकला सापांच्या खड्ड्यात टाकून मारलं आणि त्याच्या मुलांनी फौज आणून सूड उगवला. ऐकायला झकास, पण त्या काळच्या एकाही नोंदीत हे नाही. साप येतात ते थेट बाराव्या-तेराव्या शतकातल्या कथा-काव्यांत.

कथेमागचा खरा माणूस बहुधा ८४५ मध्ये पॅरिस लुटणारा रेगिनहेरुस असावा. १२० जहाजं घेऊन तो सीन नदीतून वर आला. फ्रँकांचा (आजच्या फ्रान्सच्या भागातला) राजा चार्ल्सने ७,००० पौंड चांदी मोजून त्याला वाटेला लावलं. फ्रँकिश नोंदींनुसार लवकरच तो आजाराने गेला. मग इंग्लंडात आलेली ८६५ ची ती मुलांची फौज कसला ताजा सूड घेणार? बरं, ती उतरली ईस्ट अँग्लियात, म्हणजे एलाच्या नव्हे, दुसऱ्याच राज्यात. तिथे घोडे मिळवले, हिवाळा काढला आणि ८६६ मध्ये नॉर्थम्ब्रियातलं यॉर्क घेतलं. सुडाने पेटलेली माणसं इतकी निवांत येतात होय! एला ८६७ मध्ये यॉर्क परत घेताना लढाईत पडला.

शिवाय इंग्लंडात विषारी साप एकच, अ‍ॅडर. त्याच्या चाव्याने माणूस क्वचितच दगावतो.

मुलगे म्हणवले जाणारे इव्हार आणि हाफ्डान मात्र खरे. अँग्लो-सॅक्सन इतिवृत्तात (इंग्लंडच्या जुन्या वर्षवार नोंदींत) त्यांची नावं आहेत, बापाचं नाही.