मुलुंड की ठाणे : नाक्याच्या दोन बाजूंची पार्श्वभूमी

मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडे मुलुंडला घर घ्यायचं की पलीकडे ठाण्यात, यावर मध्य रेल्वेवरच्या मराठी घरांत गेली तीसेक वर्षं खल चालू आहे. दादर-परळची चाळ सोडून निघालेलं, डोंबिवली फार लांब पडते म्हणणारं कुटुंब फिरत फिरत शेवटी याच दोन नावांपाशी येऊन थांबतं. दोन्ही स्टेशनांत एकाच धावेचं अंतर. मागे डोंगर तोच, पुढे खाडी तीच, पिनकोडही दोन्हीकडे ४०० नेच सुरू होतो. तरी तेवढ्याच फ्लॅटला मुलुंडच्या बाजूला जास्त पैसे मोजावे लागतात आणि मोजणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. हा फरक इमारतींमुळे पडलेला नाही. तो एका हद्दीमुळे पडला आणि त्या हद्दीचे बरेचसे परिणाम आता संपले आहेत. जे उरलेत त्यांची चर्चा मात्र घर बघताना फारशी होत नाही.

जुना इतिहास थोडक्यात. ही दोन्ही गावं ज्यावर आहेत ते साष्टी बेट १७३९ मध्ये मराठ्यांकडे आलं, १७७४ मध्ये इंग्रजांकडे गेलं. १८५३ ला पहिली आगगाडी ठाण्यापर्यंत आली तेव्हा ठाणं नांदतं शहर होतं. तिथे १८६३ मध्ये नगरपालिकाही झाली. मुलुंडला तेव्हा शेतं आणि मिठागरं होती. १९२० च्या दशकात तिथे आखीव रस्ते पडले. पश्चिमेला आजही एकमेकांना काटकोनात छेदणारे रस्ते दिसतात ते त्याच आखणीतले. म्हणजे वयाने थोरलं ठाणं, आखणीने नीटस मुलुंड.

पुढचं सगळं ठरवणारं वर्ष १९५७. मुंबईची पालिका हद्द १९५० मध्ये भांडुपपर्यंत आली होती. १९५७ च्या फेब्रुवारीत ती पश्चिमेला दहिसर आणि इकडे मुलुंडपर्यंत सरकली. मुलुंड मुंबईत आलं, ठाणं बाहेर राहिलं. ठाण्याची महानगरपालिका व्हायला १९८२ चा ऑक्टोबर उजाडला. मधल्या पंचवीस वर्षांत ‘मुंबईत घर आहे’ या वाक्याला वजन आलं आणि ते वजन चौरस फुटाच्या भावात उतरलं.

ही हद्द रोज डोळ्यांसमोर ठेवली ती जकात नाक्यानं. मुंबईत येणाऱ्या मालाची जकात तिथे भरावी लागे. ट्रकांची रांग लागे आणि त्या रांगेत शाळेच्या बसपासून रुग्णवाहिकेपर्यंत सगळे अडकत. जीएसटी आला आणि १ जुलै २०१७ पासून जकात संपली. टोल त्याआधीच बसला होता. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जे उड्डाणपूल बांधले गेले त्यांच्या वसुलीसाठी २००२ पासून शहराच्या पाच तोंडांवर नाके सुरू झाले. त्यांतले दोन मुलुंडलाच, एक पूर्व द्रुतगती मार्गावर आनंदनगरला आणि दुसरा लालबहादूर शास्त्री मार्गावर. २०१० मध्ये २,१०० कोटी रुपये आगाऊ घेऊन २०२६ पर्यंतचे वसुलीचे हक्क देऊन टाकण्यात आले. पूल केव्हाच बांधून झाले होते, तरी ठाण्याचा माणूस मुलुंडला दवाखान्यात आला तरी टोल भरत राहिला.

या सगळ्यात हरिओम नगरची दशा सर्वांत वाईट. ही वस्ती मुलुंड पूर्वेची. पत्ता मुंबईचा, कर मुंबईच्या पालिकेला, मतदान मुंबईत. टोलनाका मात्र असा बसला की वस्ती त्याच्या ठाण्याकडच्या बाजूला राहिली. मुलुंडमधल्याच बाजारात किंवा मुलाच्या शाळेत गाडीनं जायचं तर मुंबईकराने मुंबईत शिरायचा टोल द्यायचा. मुंबईचा भाव मोजून घर घेतलेल्या लोकांची ही अवस्था होती. चारचाकी आणि इतर हलक्या वाहनांचा टोल १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून माफ झाला तेव्हा ती संपली. घर घेताना नकाशावर हद्द बघतात. नाका कुठे आहे हे तिथे कुणी बघितलं नव्हतं आणि बिल्डरनंही ते सांगितलं नसेल.

मुंबईत असूनही मुंबईसारखं न मिळणं मुलुंडला नवीन नाही. विजेचंच बघा. उपनगरांत इतरत्र खाजगी कंपन्यांची वीज. भांडुप आणि मुलुंडला मात्र ठाण्याप्रमाणेच सरकारी वीज कंपनीची. २००५ च्या आसपास राज्यात भारनियमन होतं तेव्हा घाटकोपरला दिवे चालू आणि मुलुंडला अंधार, असं कित्येक संध्याकाळी झालं. त्या काळी ‘मुंबईत घर घेतलं ना, मग लाइट कशी जाते?’ हा प्रश्न गावाकडचे पाहुणे विचारत आणि त्याला उत्तर नसे.

पण या दोन उपनगरांच्या तुलनेत ज्या एका निर्णयानं सर्वांत जास्त माणसं होरपळली तो विजेचा नाही आणि टोलचाही नाही. तो खाजगी वनांचा. आजच्या खरेदीदारांतल्या निम्म्यांना तो आठवत नाही, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो.

मुलुंड पश्चिम, नाहूर, विक्रोळी, तिकडे बोरिवली-कांदिवली आणि ठाण्यात येऊरच्या पायथ्याचा पट्टा, या सगळ्यांच्या पाठीला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर लागतो. १९५६-५७ च्या सुमारास, म्हणजे मुलुंड मुंबईत येत होतं त्याच दिवसांत, या पट्ट्यातल्या खाजगी जमिनींच्या मालकांना १९२७ च्या वन कायद्याच्या कलम ३५ (३) खाली नोटिसा निघाल्या. या नोटिशीचा अर्थ इतकाच की तुमच्या जमिनीवर जंगल राखण्यासाठी निर्बंध का घालू नयेत, ते सांगा. पुढे सुनावणी व्हावी, मग अंतिम अधिसूचना निघावी, असा क्रम. अनेक जमिनींच्या बाबतीत पुढचं काहीच झालं नाही. फाइल तिथेच राहिली.

मग १९७५ चा खाजगी वने संपादन कायदा आला. तो ३० ऑगस्ट १९७५ ला अमलात आला आणि त्या दिवशी राज्यातली सगळी खाजगी वनं सरकारजमा झाली असं त्यानं ठरवलं. खाजगी वन म्हणजे काय याच्या व्याख्येत, जिच्याबद्दल कलम ३५ (३) ची नोटीस निघालेली आहे ती जमीनही आली. कागदोपत्री सरकार मालक झालं, पण ताबा घेतला नाही, सातबाऱ्यावर नोंद केली नाही. उलट पुढची तीस वर्षं त्याच जमिनींवर सरकारच्याच खात्यांनी कमाल जमीन धारणा कायद्याखाली (एका मालकाकडे शहरात किती मोकळी जमीन असावी याला मर्यादा घालणारा कायदा) परवानग्या दिल्या, पालिकेनं नकाशे मंजूर केले, बांधकामाची परवानगी दिली, भोगवटा प्रमाणपत्रं दिली, मालमत्ता कर वसूल केला. बँकांनी वकिलाचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकी तपासल्याचा अहवाल, बघून कर्जं दिली. खरेदीदारानं जे जे बघायला हवं ते सगळं बघितलेलं होतं.

उद्यानाच्या कडेची झाडी कमी होत चालली म्हणून पर्यावरणवाद्यांनी न्यायालयात दाद मागितली होती आणि त्यांची चिंता खोटी नव्हती. २००५ मध्ये उच्च न्यायालयानं महसुली नोंदी पुऱ्या करायला सांगितलं आणि २००६ मध्ये तलाठी कार्यालयांतून फेरफार सुरू झाले. एके दिवशी सोसायटीच्या सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात वनाची नोंद आली. घरातल्या माणसांना नोटीस नाही, सुनावणी नाही. कुणी फ्लॅट विकायला काढला तेव्हा कळलं, तर कुणाला बँकेनं कर्ज नाकारल्यावर. २४ मार्च २००८ ला उच्च न्यायालयानं सरकारची बाजू उचलून धरली. एकोणीस मजली इमारतीत राहणारा माणूस कायद्यानं जंगलात अतिक्रमण करून राहणारा ठरला.

त्यानंतरची सहा वर्षं मुलुंडच्या त्या पट्ट्यात घरांची खरेदी-विक्री जवळजवळ गोठली. मुलीच्या लग्नासाठी, परदेशी शिक्षणासाठी, आजारपणासाठी फ्लॅट विकून पैसे उभे करायचे मनसुबे लोकांना सोडून द्यावे लागले. जे घ्यायला निघाले होते ते नाका ओलांडून ठाण्यात गेले. ठाण्याच्या नव्या वसाहतींच्या भरभराटीचं श्रेय मोठ्या बागा आणि क्लबहाउसना दिलं जातं, पण मुलुंडच्या सातबाऱ्यावरच्या त्या नोंदीचाही त्यात वाटा आहे, असं माझं ठाम मत आहे. खरं तर ठाण्यातही डोंगराकडच्या काही जमिनींवर तीच टांगती तलवार होती. फक्त त्याची बातमी मुलुंडइतकी झाली नाही.

३० जानेवारी २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं २००८ चा निकाल फिरवला. नोटीस नुसती काढणं पुरेसं नाही, ती मालकापर्यंत पोचली पाहिजे. आणि पन्नासच्या दशकातली, पुढे कसलीच कारवाई न झालेली नोटीस १९७५ मध्ये जिवंत धरता येणार नाही. सरकार इतकी वर्षं गप्प बसलं, परवानग्या देत राहिलं, याची जबाबदारी घर घेणाऱ्यावर टाकता येत नाही, हेही न्यायालयानं स्पष्ट केलं. निकाल लागला तरी प्रत्येक सातबारा आपोआप स्वच्छ होत नाही. म्हणून आजही नाहूरपासून मानपाड्यापर्यंत डोंगराच्या अंगाला घर बघणाऱ्यानं इमारतीचं नाव बाजूला ठेवून आधी सर्व्हे नंबर विचारावा, फेरफाराचे उतारे जुन्या तारखेपासून काढावेत, वनाची नोंद कधी आली आणि कोणत्या आदेशानं गेली ते वाचावं. नाक्याच्या दोन्ही बाजूंना हे सारखंच लागू आहे.

ठाण्याच्या बाजूची गोष्ट वेगळ्या वेगानं पुढे गेली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका आयुक्तांनी जुन्या ठाण्यातले रस्ते रुंद केले. दुकानं मागे सरली, लोक चिडले आणि नंतर त्याच रस्त्यांमुळे ठाणं राहायला बरं झालं असं म्हणू लागले. पोखरण रस्त्यावरचे, घोडबंदर रस्त्यावरचे कारखाने बंद पडत गेले. मुलुंडला शास्त्री मार्गावर तेच घडत होतं. नागरी जमीन कमाल धारणेचा कायदा राज्यानं २००७ मध्ये रद्द केला आणि या जमिनी मोकळ्या झाल्या. मुलुंडला प्लॉट लहान असल्यानं टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क, चढवून एकेकटे टॉवर उभे राहिले, तर ठाण्याला एकाच मालकाची विस्तीर्ण जमीन असल्यानं वसाहतीच्या वसाहती. २००४ च्या नोव्हेंबरात ठाणे-वाशी लोकल सुरू झाली तेव्हा ऐरोली-महापेची नोकरी ठाण्याहून अर्ध्या तासावर आली. ज्याची कचेरी फोर्टात नाही, त्याच्या लेखी मुंबईच्या हद्दीचा फायदा त्या दिवशीच कमी झाला. गाडीचं म्हणाल तर ठाण्याला सगळ्या जलद गाड्या थांबतात आणि कित्येक लोकल तिथूनच सुटतात. मुलुंडचे लोक बसायला जागा मिळावी म्हणून सकाळी उलटे ठाण्याला जातात, यातच काय ते आलं.

ठाण्याची दुखरी नस पाण्याची. मुंबईला पाणी देणारे तानसा, भातसा हे तलाव ठाणे जिल्ह्यात, पण त्यांचा मोठा वाटा जलवाहिन्यांतून पुढे मुंबईला जातो. ठाणं स्वतःच्या योजनेबरोबर आणखी तीन ठिकाणांहून पाणी घेतं, त्यांत मुंबईची पालिकाही आली. या चारपैकी एक जरी बिघडला तरी घोडबंदर रस्त्यावर टँकर धावू लागतात. २०१७ मध्ये हा प्रश्न उच्च न्यायालयात गेला आणि त्या पट्ट्यातल्या नव्या बांधकामांना काही काळ खीळ बसली. मुलुंडच्या नळाला तुलनेनं पाणी बरं, हे मान्य केलंच पाहिजे. मुलुंड पूर्वेला कचराभूमीचा वास वर्षानुवर्षं होता. २०१८ च्या ऑक्टोबरात तिथे कचरा टाकणं थांबलं आणि पूर्वेचे भावही मग हलले.

भाषेचाही मुद्दा आहे आणि तो दबक्या आवाजात बोलला जातो. २०२३ च्या सप्टेंबरात मुलुंड पश्चिमेत एका मराठी बाईंना मराठी म्हणून कार्यालयासाठी जागा नाकारली गेली आणि त्याचा व्हिडिओ राज्यभर फिरला. मुलुंडची कच्छी-गुजराती वस्ती जुनी आहे, मुलुंडच्या जडणघडणीत तिचा वाटा मोठा आहे आणि एका सोसायटीवरून सगळ्या उपनगराचं माप काढू नये. पण ठाण्याच्या नौपाड्यात किंवा मुलुंड पूर्वेला घर बघणाऱ्या मराठी कुटुंबाच्या निर्णयात ही गोष्ट आता उघडपणे येते.

आज हद्दीमुळे उरलेला फरक मुख्यतः कागदावरचा आहे. मुद्रांक शुल्क मुंबईत ६ टक्के, ठाण्यात ७. घर बाईच्या नावावर असेल तर दोन्हीकडे एक टक्का कमी. कोटीच्या घराला हा लाखाचा फरक झाला आणि तो ठाण्याच्या कमी भावात सहज विरघळतो. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. छोटं घर घेणाऱ्यानं वर्षाचा हा हिशेब धरायला हवा. वाहतुकीची कामं मात्र आता हद्द न बघता चालली आहेत. वडाळ्याहून निघणारी मेट्रो ४ मुलुंडमधून ठाण्यात शिरते आणि कासारवडवलीपर्यंत जाते. गोरेगावला जाणारा १२ किलोमीटरचा जोडरस्ता मुलुंडला उतरणार, बोरिवलीचा जुळा बोगदा ठाण्याला. आणि दोन्हींच्या मधोमध, मनोरुग्णालयाच्या जागेवर, नवीन स्टेशन आखलेलं आहे. त्याच्या आसपासच्या इमारतींची जाहिरात काही जण ‘मुलुंडजवळ’ म्हणून करतात, काही जण ‘ठाण्यात’ म्हणून. भाव विचारण्याआधी तिथेही सर्व्हे नंबरच मागावा.