शालेय अनुभव आणि कुमारवयातील धूम्रपान (मराठवाडा)

शाळेत मिळणारी वागणूक, अभ्यासातले यशापयश आणि शिक्षक-सोबत्यांशी असलेले नाते यांचा कुमारवयात बिडी-सिगारेट ओढण्याशी येणारा संबंध. पोरगं संगतीनं बिघडलं, हे घरोघरी ऐकू येणारे निदान खोटे नाही. मात्र ती संगत कधी आणि का लागली याचा माग काढला, तर तो बहुधा शाळेच्या फाटकापर्यंत येतो.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ ट्रॅव्हिस हर्शी यांनी १९६९ मध्ये मांडले की, शाळेशी असलेले मुलाचे बंध सैल झाले की नियम मोडण्याकडे त्याचा कल वाढतो. अमेरिकेतल्याच सातवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय पाहणीवर आधारलेल्या १९९७ च्या अभ्यासात, शाळा आपली वाटणाऱ्या मुलांमध्ये सिगारेटचे प्रमाण कमी आढळले. हा संबंध दुहेरी आहे. नापास होणारा मुलगा टपरीकडे वळतो आणि टपरीवर रमलेला मुलगा नापासही होतो. त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे एका पाहणीतून ठरत नाही.

मराठवाड्यात या बंधांची परीक्षा ठरावीक टप्प्यांवर होते. जिल्हा परिषदेची शाळा चौथी-सातवीला संपते आणि मुलगा एसटीने मोठ्या गावच्या हायस्कूलला जाऊ लागतो. गावात प्रत्येक जण त्याला ओळखत असतो. तालुक्याच्या स्टँडवर कोणी हटकत नाही. गाडी लवकर पोचते, शाळा उशिरा भरते. मधला वेळ टपरीजवळ जातो. तिथे पूर्ण पाकीट घ्यावे लागत नाही, सुटी सिगारेट मिळते. दोघांत एक ओढायची, वरून पेरूचा पाला चघळायचा, की वास गेला असे मानायचे. बिडीची ओळख तर त्याआधीच, घरात झालेली असते. आजोबांना चुलीवरून बिडी पेटवून आणून देताना पहिला झुरका घेतलेली माणसे खेडोपाडी भेटतात.

ऊसतोड कामगारांच्या, विशेषतः बीड जिल्ह्यातल्या, मुलांची स्थिती आणखी अवघड. दसरा-दिवाळीनंतर आई-बाप कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात. मूल सोबत गेले तर त्याचे निम्मे वर्ष फडावर जाते, आणि तिथे मोठ्यांची बिडी-तंबाखू हाताशी असते. मागे राहिलेल्यांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. परत आलेला मुलगा मागच्या बाकावर बसतो. आठवीपर्यंत कसाबसा वर ढकलला गेलेला असतो, तो नववीत उघडा पडतो. वर्गात काहीच जमत नसलेल्या मुलाला टपरीवरच्या घोळक्यात मान मिळतो, ही बाब उपदेश करणाऱ्यांच्या लक्षात क्वचितच येते. लातूरच्या क्लासच्या दुनियेत ताण वेगळा. घरापासून दूर, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलाला रात्री विचारणारे कोणी नसते.

मुलगा सापडला की शाळा बहुतेक वेळा शिक्षा करते. सर्वांसमोर खिसे तपासायचे, वर्गाबाहेर उभे करायचे, ‘उद्या बापाला घेऊन ये’ म्हणायचे. बाप कोल्हापूरकडे ऊस तोडत असेल तर मुलगा उद्या येतच नाही. तो जिथे जातो तिथेच बिडी असते, म्हणजे या शिक्षेने साधते ते उलटेच. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळालाही बंदी आहे. नववी-दहावीत दाखला हातात देण्याची धमकी मात्र सर्रास ऐकू येते. (मधल्या सुट्टीत तंबाखू मळणारे गुरुजी ती देतात तेव्हा मुले काय समजायचे ते समजतात.)

नुसत्या धड्यांनी काय होते, याचे उत्तर निराश करणारे आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात ४० शालेय जिल्ह्यांत तिसरीपासून बारावीपर्यंत धूम्रपानविरोधी शिक्षणाचा प्रयोग झाला. २००० मध्ये त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या मुलांत फरक दिसला नाही. याउलट दिल्ली व चेन्नईतल्या ३२ शाळांमध्ये २००४ ते २००६ दरम्यान विद्यार्थ्यांनाच पुढारी करून आणि पालकांना सोबत घेऊन राबवलेल्या उपक्रमात तंबाखूचा वापर घटला.

कायदा कडक आहे. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांना आणि शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला मनाई आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलाला असा पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे.

आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. त्यामुळे मराठवाड्यात फक्त सिगारेट मोजली तर तंबाखू-चुना, गुटखा आणि बायकांची मिश्री नजरेआड होते. दुसरे म्हणजे, १३ ते १५ वयोगटाची २०१९ ची देशव्यापी पाहणी वर्गात बसलेल्या मुलांची होती. तीत ८.५ टक्के मुले तंबाखू वापरताना आढळली. फडावर गेलेली किंवा शाळा सोडलेली मुले त्या मोजणीत आलीच नाहीत.