डाउन सिंड्रोम आणि ग्रोथ हार्मोन: जुन्या आशेचा मागोवा

डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाला ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं द्यावीत का, हा प्रश्न आधुनिक वाटतो. पण या मुलांची वाढ ग्रंथींच्या औषधाने ‘दुरुस्त’ करायची कल्पना या अवस्थेमागे जादाचं एकविसावं गुणसूत्र असतं, या शोधापेक्षाही जुनी आहे.

जॉन लँग्डन डाउन यांनी १८६६ मध्ये या अवस्थेचं वर्णन केलं. कारण मात्र पुढची ९० वर्षं कुणालाच सापडलं नाही आणि दरम्यान संशय ग्रंथींवर गेला. १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून थायरॉइडच्या कमतरतेवर उपचार केला. लवकरच तो अर्क डाउन सिंड्रोमच्या मुलांनाही मिळू लागला. दोन्ही अवस्थांची तेव्हा सर्रास गल्लत व्हायची. १९४० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधले डॉक्टर क्लेमेन्स बेंडा यांनी दोष मेंदूच्या तळाशी असलेल्या, ग्रोथ हार्मोन बनवणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीवर ठेवला. या ग्रंथीचं काम वाढलं की ॲक्रोमेगाली होते, हातपाय मोठे होतात. इथे बरोबर उलटं घडलंय, असं त्यांचं म्हणणं. उपाय अर्थातच जनावरांच्या पिट्युटरीचा अर्क. गाईगुरांचं ग्रोथ हार्मोन माणसाच्या शरीरात काम करत नाही, हे तेव्हा माहीत नव्हतं.

१९५९ मध्ये पॅरिसमध्ये लेज्यून, गोतिए आणि त्युर्पां यांनी ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रं दाखवली आणि ग्रंथींचा सिद्धांत मागे पडला. गंमत म्हणजे खरं मानवी ग्रोथ हार्मोन हाती आलं ते याच सुमारास. बोस्टनच्या मॉरिस रेबन यांनी १९५८ मध्ये ते देऊन एका मुलाची उंची वाढल्याचं नोंदवलं. पण ते मृतदेहांच्या पिट्युटरीतून काढावं लागे आणि एका मुलाच्या उपचारासाठी कितीतरी ग्रंथी लागत. त्यामुळे ज्यांच्या शरीरात हे हार्मोन बनतच नाही, त्यांनाच ते मिळे. १९८५ मध्ये या हार्मोनमधून क्रॉइटझफेल्ट-याकोब हा मेंदूचा जीवघेणा आजार पसरल्याचं उघड झालं आणि अमेरिकेत त्याचं वाटप थांबलं. त्याच वर्षी जीवाणूंकडून बनवून घेतलेलं हार्मोन बाजारात आलं. आता तुटवडा संपला आणि ‘देता येईल का’ हा प्रश्न नकळत ‘का देऊ नये’ असा झाला. माझ्या मते या इतिहासातलं खरं वळण हेच आहे, कारण त्यात मुलांबद्दल नवं काहीच कळलेलं नव्हतं, फक्त माल मुबलक झाला होता.

तरी शास्त्रीय आधार अगदीच नव्हता असं नाही. १९८३ मध्ये स्वीडिश संशोधकांनी दाखवलं होतं की आयजीएफ, म्हणजे ग्रोथ हार्मोनच्या सांगण्यावरून वाढ घडवणारे घटक, या मुलांत नेहमीसारखे वाढत नाहीत. १९९१ मध्ये अमेरिकेतून उपचाराचे निष्कर्ष आले. सर्वांत महत्त्वाचा अभ्यास मात्र स्वीडनमधल्या उप्सालाच्या योरान अन्नेरेन यांच्या गटाचा, १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला. सहा ते नऊ महिन्यांच्या १५ बाळांना तीन वर्षं हार्मोन दिलं. उंची वाढली, सरासरीच्या बरीच जवळ आली. मानसिक विकासात मात्र फरक दिसला नाही. त्याच मुलांना पुढे पौगंडावस्थेत तपासलं, २०१० मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा उंचीतला फायदाही उरला नव्हता. डोक्याचा घेर थोडा मोठा होता, पण बुद्ध्यांक उपचार न घेतलेल्यांसारखाच. आईबापांची मोठी आशा बुद्धीबद्दल असते, आणि उत्तर नेमकं तिथेच नकारार्थी आलं.

भीतीही होती. १९८८ मध्ये जपानमधून ग्रोथ हार्मोन घेणाऱ्या मुलांत ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झाल्याची वृत्तं आली. पुढच्या मोठ्या नोंदींमध्ये इतर धोका नसलेल्या मुलांबाबत ही शंका टिकली नाही. पण डाउन सिंड्रोममध्ये ल्युकेमियाचा धोका मुळातच कैक पटींनी जास्त असतो, म्हणून डॉक्टर आजही सावध असतात.

पालक विचारतात, मग उंची खुंटवणाऱ्या इतर जनुकीय अवस्थांपैकी टर्नर सिंड्रोमसाठी १९९६ मध्ये आणि प्रॅडर-विली सिंड्रोमसाठी २००० मध्ये अमेरिकेने या हार्मोनला मान्यता दिली ती कशी? प्रॅडर-विलीत हार्मोनची कमतरता बहुतेकांत असते आणि उपचाराने उंचीबरोबर चरबी-स्नायूंचं प्रमाणही सुधारतं. डाउन सिंड्रोममध्ये बुटकेपणा हा बहुतांश मुलांत हार्मोनच्या अभावाचा परिणाम नाही. स्वीडनमधल्या नोंदींत सरासरी अंतिम उंची पुरुषांची १६१.५ आणि स्त्रियांची १४७.५ सेंटीमीटर होती.

त्यामुळे या मुलांची वाढ मोजायची ती डाउन सिंड्रोमसाठीच बनवलेल्या उंची-वजनाच्या तक्त्यावर. अमेरिकेत असे तक्ते १९८८ मध्ये निघाले, २०१५ मध्ये फिलाडेल्फियात नव्याने तयार झाले. आपल्याकडे बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१५ चे तक्ते सर्वसाधारण मुलांचे आहेत. त्यावर डाउन सिंड्रोमचं निरोगी मूलही बऱ्याचदा तळाच्या रेषेखाली दिसतं आणि घरात उगाच घबराट होते. डाउन सिंड्रोमच्या तक्त्यावरही मूल घसरू लागलं, तर आधी थायरॉइड, हृदयाचा दोष, सीलिॲक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा आतड्याचा आजार) आणि झोपेतला श्वासाचा अडथळा तपासतात. यातलं काही सापडलं तर आधी त्यावर उपचार होतो. ग्रोथ हार्मोनची चाचणी त्यानंतर, आणि इंजेक्शन फक्त कमतरता सिद्ध झाली तरच.