बुजवलेल्या हौदातलं पाणी कुठे जातं?

अंगणातला जुना सिमेंटचा हौद किंवा कमळाचं छोटं तळं बुजवायचं ठरलं की बहुतेक घरी एकच काम होतं. दोन-चार ट्रॉल्या माती मागवायची, ओतायची आणि वरून हिरवळ लावायची. पहिल्या पावसाळ्यात तिथं पाय रुततो. दुसऱ्या पावसाळ्यात तिथंच लावलेलं लिंबाचं रोप पिवळं पडतं. त्याच्या मुळांना हवा मिळत नसते, कारण प्राणवायू पाण्यातून हवेच्या तुलनेत सुमारे 10 हजार पट सावकाश पसरतो. तळ शाबूत असेल, तर तो हौद मातीखाली अजून हौदच असतो.

म्हणून काम सुरू होतं ते तळापासून, आणि तेही चैत्र-वैशाखात. भर पावसात भूजल वर आलेलं असताना हौद रिकामा केला, तर खालच्या पाण्याच्या दाबानं अख्खं बांधकाम उचललं जाऊ शकतं. आधी गाळ काढावा. तो काळा आणि कुजक्या अंड्यासारख्या वासाचा असतो, कारण हवेविना कुजताना त्यात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. आत ठेवला तर तो कुजत राहतो आणि वरची जमीन खचत जाते. उन्हात वाळवून मात्र तो झाडांना उत्तम. मग पहार किंवा ब्रेकर घेऊन तळ फोडायचा. दोन भोकांवर भागवू नये, जमेल तितका तळ मोकळा करावा. भिंतीही वरून निदान दोन फूट उतरवाव्यात, म्हणजे मुळं अडणार नाहीत.

आता खाली काय आहे ते पाहायचं. फुटलेल्या तळात फूटभर खोल खड्डा घ्या, पाण्यानं भरून रात्रभर मुरू द्या, सकाळी पुन्हा भरा आणि पातळी किती उतरते ते मोजा. तासाला अडीच सेंटिमीटर किंवा अधिक उतरली तर निचरा चांगला. दख्खनच्या काळ्या मातीत हा आकडा क्वचितच मिळतो. चिकणमातीचे कण 0.002 मिलिमीटरहून लहान असतात, शिवाय काळ्या मातीतली खनिजं पाणी पिऊन फुगतात आणि उरल्यासुरल्या फटी बुजवतात. जाड वाळू आणि चिकणमाती यांच्यातून पाणी झिरपण्याच्या वेगात लाखपटींहून अधिक फरक पडतो. पण काळ्या मातीखाली थोड्या खोलीवर मुरूम लागत असेल, तर तिथपर्यंत एक-दोन खड्डे नेऊन खडीनं भरावेत. एवढ्यानं बरंच साधतं.

इथं एक समज फार पक्का रुजला आहे, तळाशी खडीचा थर दिला की निचरा आपोआप होतो. होत नाही. बारीक मातीतल्या अरुंद फटी केशाकर्षणानं पाणी धरून ठेवतात. 1 मिलिमीटर व्यासाच्या नळीत पाणी साधारण 3 सेंटिमीटर चढतं, तर 0.1 मिलिमीटरच्या नळीत 30 सेंटिमीटर. खडीमधल्या रुंद पोकळ्यांची ही ओढ नगण्य असते. त्यामुळे वरची माती जवळजवळ पूर्ण भिजल्याशिवाय पाणी खडीत उतरतच नाही, ते सीमेवर अडून राहतं. भांडी घासायचा ओला स्पंज आडवा धरा. ठिबकणं थांबलं की तोच उभा करा, पुन्हा पाणी गळू लागेल. पाण्याच्या स्तंभाची उंची वाढली की ओढ हरते. आडव्या स्पंजासारखी मातीची उथळ भर पाणी सोडत नाही. खडीच्या थरानं तर मातीची खोली आणखी कमी होते!

खडी कामाची ठरते ती तिला बाहेर जायला वाट असेल तेव्हा. छिद्रांचा पाइप जाळीदार कापडात गुंडाळून, दर मीटरला निदान 1 सेंटिमीटर उतार देऊन, आवाराच्या सखल बाजूला न्यावा, शेजाऱ्याच्या घराच्या पायाकडे नव्हे. अशी वाट काढता येत नसेल, तर भर आजूबाजूच्याच मातीची घालावी. काळ्या रानात मधोमध भुसभुशीत वाळूमिश्रित माती भरली, तर चहूबाजूंचं पाणी तिथंच येऊन साचतं. ही चूक मला फार वाईट वाटते, कारण ती खर्च करून, झाडाच्या भल्यासाठी केलेली असते.

भरताना अर्धा-अर्धा फुटाचे थर द्यावेत आणि प्रत्येक थर हलका ओलावून धुमसानं ठोकावा. कोरडी माती नीट दबत नाही, चिखल तर मुळीच नाही. दबाईसाठी ठराविक ओल लागते, हे अमेरिकेतल्या धरणांवर काम करणाऱ्या राल्फ प्रॉक्टर यांनी 1933 मध्ये मांडलं. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण हाताला पाणी लागू नये, एवढी ओल पुरते. वरचा दीड फूट मात्र ठोकू नये. तिथं पोयटा आणि कुजलेलं शेणखत घालून मध्यभाग थोडा उंच ठेवावा, कारण जमीन बसणारच. एक पावसाळा तिथं गवतच असू द्या. मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवसांत वाफसा आला, म्हणजे चिखल जाऊन माती नुसती ओलसर राहिली, तर पुढच्या मृगाला झाड लावायला हरकत नाही.