पिट्सबर्ग: कोर्टहाउस कोणतं आणि तुरुंग कोणता?

अमेरिकेतली काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. पिट्सबर्ग हे अ‍ॅलेघेनी काउंटीचं ठाणं. तिथल्या कोर्टहाउसच्या पाठीलाच काउंटीचा जुना तुरुंग आहे. दोन्हींचा वास्तुकार एकच, एच. एच. रिचर्डसन. दगडही एकच, मॅसॅच्युसेट्समधल्या मिलफर्डचा गुलाबी छटेचा ग्रॅनाइट. मधल्या रॉस स्ट्रीटवरून दोन्हींना जोडणारा बंदिस्त दगडी पूल जातो, म्हणजे कैद्याला रस्त्यावर न आणता थेट कोर्टात नेता यायचं. साहजिकच फोटोंखाली नावांची अदलाबदल होते.

ग्रँट स्ट्रीटकडून 249 फुटी मनोरा दिसला, की ते कोर्टहाउस. मधे चौक, भोवती खोल्या, वर उतरती छपरं. मनोरा नुसता दिमाखाचा नव्हता. गिरण्या-भट्ट्यांच्या या शहरात खाली धूर, म्हणून स्वच्छ हवा मनोऱ्याच्या उंचीवरून आत ओढली जायची. तुरुंगाला दर्शनी थाट नाही. मोठमोठ्या खडबडीत दगडांची आंधळी भिंत, तिच्यात ठसठशीत कमानीचं दार. आत अष्टकोनी मनोऱ्यापासून कोठड्यांचे फाटे निघतात. मधे उभ्या पहारेकऱ्याची नजर सगळीकडे पोचावी, हा हिशेब. आमच्या मते दोहोंत सरस तुरुंगच.

सनावळीतही घोळ होतो. आधीचं कोर्टहाउस 1882 मध्ये जळालं, नव्याचं काम 1884 मध्ये सुरू झालं. तुरुंग 1886 मध्ये पुरा झाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रिचर्डसन गेला. कोर्टहाउस 1888 मध्ये त्याच्या सहकाऱ्यांनी संपवलं. तुरुंगाचा सगळाच भाग मात्र त्याचा नव्हे. 1903 ते 1905 मध्ये फ्रेडरिक ऑस्टरलिंग या वास्तुकाराने तो वाढवला, तोही असा बेमालूम की जोड शोधावा लागतो.

सगळ्यात फसवं आहे ते कोर्टहाउसचं दार. ग्रँट स्ट्रीटची टेकडी पुढे खणून रस्ता खाली नेला. रिचर्डसनला याची कल्पना होती, म्हणून त्याने जमिनीखाली जाणारे थरही घडीव दगडाचेच लावले होते. ते उघडे पडले, पण मूळ प्रवेश मजलाभर वर लटकला. आधी बाहेरून भव्य जिना बांधला. 1920 च्या दशकाअखेर रस्ता रुंद करताना तो पाडला आणि दारं खाली रस्त्यापर्यंत ओढली. म्हणून आज आत शिरताच ठेंगणं छत लागतं. ते मूळचं तळघर. खरा प्रवेशकक्ष एक जिना वर आहे.

तुरुंग 1995 मध्ये बंद झाला आणि 2000 पासून तिथे कौटुंबिक न्यायालय भरतं. फौजदारी खटले कोर्टहाउसमध्येच चालतात. मुलाच्या ताब्यासाठी भांडणाऱ्यांना मात्र जुन्या तुरुंगात जावं लागतं.